भिंतीवर एका वेळी एकच चित्र

"पाच," भिंगरी म्हणाली. आकडा तोंडातून निघाला तेव्हा तिची मान चांगली ताठ होती. पुढच्याच क्षणी ती खाली गेली.

आत्याने रंधा थांबवला. कानामागची पेन्सिल काढून तिने डोकं खाजवलं, पुन्हा कानामागे खोचली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "पाच चकत्या? त्या तर नमुन्याच्या म्हणून करूनही झाल्या. चला, काम संपलं. काका, ब्रश धुऊन टाका."

कोपऱ्यात रंगाचे डबे ढवळत बसलेले रंगारी काका इतके हसले, की डब्यातल्या हिरव्या रंगालाही गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. भिंगरीने लॅपटॉपच्या पडद्याकडे असं पाहिलं, जसं माणूस ऐन वेळी उलटलेल्या मैत्रिणीकडे पाहतं. पडद्यावर पाचच होते. न लाजता, न हलता.

भिंगरी हे काही तिचं हजेरीपटावरचं नाव नव्हे. पण एका जागी बसेल तर ती कसली? घरातच नव्हे, शाळेतही सगळे तिला भिंगरीच म्हणत. यंदा शाळेत प्रोग्रॅमिंगचा वर्ग सुरू झाला होता आणि पहिल्या चाचणीत ती चक्क पहिली आली होती. त्या दिवसापासून घरातली कुठलीही गोष्ट तिला प्रोग्रॅमशिवाय अपुरी वाटू लागली होती. मोजे जोडीने लावायचा प्रोग्रॅम, बाबांच्या घोरण्याचा आलेख काढायचा प्रोग्रॅम, असं सगळं चालू होतं. घरच्यांनी ते सोसलं. पण आत्याचं काम म्हणजे मोज्यांचा खेळ नव्हता.

आत्या सुतार होती. घराच्या तळमजल्यावर तिची कार्यशाळा होती: मधोमध लांबलचक बाक, भिंतीवर करवती, छिन्न्या आणि लाकूड चिकटवताना फळ्या आवळून धरणारे लोखंडी क्लॅम्प, आणि जिकडेतिकडे भुसा. आत्याच्या हातच्या वस्तूंचं नशीबच असं होतं, की त्या जितक्या चांगल्या होत तितक्या कुणाला दिसेनाशा होत. दार अडकलं तर लोकांना सुतार आठवतो. अलगद लागलं तर कोण कशाला विचारतंय? अर्धं आयुष्य तिने दुसऱ्यांची दारं अलगद लावण्यात घालवलं होतं. लोकांनी थांबून बघावं असं काहीतरी एकदा तरी करायचं, हे ती कधी बोलून दाखवत नसे. भिंगरीला मात्र ते ठाऊक होतं. आत्या जेवताना चित्रं काढायची, फोनवर बोलतानाही काढायची.

म्हणून मुलांच्या वाचनालयात नवं दालन झालं आणि ग्रंथपाल बाईंनी एका रिकाम्या भिंतीसाठी काहीतरी सुचवा म्हटलं, तेव्हा आत्याची कळीच खुलली. तिने सांगितलं ते असं: भिंतीवर हजार खुंट्या बसवायच्या, ओळीत, सारख्या अंतरावर. त्यांवर अडकवायला लाकडाच्या गोल रंगीत चकत्या, मध्ये भोक असलेल्या. चकत्यांनी चित्र उभं राहील. एक महिना देवमासा, मग फुगा, माणसं घेऊन आकाशात जाणारा तो मोठ्ठा, आणि मग झाड. मुलांनीच जुनं चित्र उतरवायचं आणि नवं लावायचं. बाईंना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी तिथल्या तिथे उद्‌घाटनाचा शनिवार ठरवून टाकला. मात्र जाता जाता ओशाळून हेही सांगितलं, की वेळेत जमणार नसेल तर वेळेवर कळवा. वरच्या साहेबांनी एक छापील कागद पसंत करून ठेवलाय, तो चिकटवावा लागेल.

खुंट्या बसवूनही झाल्या. राहिल्या चकत्या. त्या किती आणि कुठल्या रंगाच्या किती, हे काढायचं काम भिंगरीने हट्टाने अंगावर घेतलं. आत्याने चौकटीच्या कागदावर तिन्ही चित्रं रंगवली होती, एक चौकट म्हणजे एक चकती, रिकामी चौकट म्हणजे नुसती खुंटी. आख्खा रविवार आत्या वाचत होती, "निळी, निळी, निळी, पांढरी, निळी..." आणि भिंगरी टाइप करत होती. देवमाशाच्या पाठीपाशी आत्याचा आवाज बसला, तेव्हा काकांनी पुढे वाचलं.

आणि एवढ्या निळ्या-निळ्यांनंतर उत्तर काय, तर पाच.

चूक सापडायला वेळ लागला नाही. भिंगरीने सगळ्या चौकटी भरल्या होत्या त्या संचात. आणि संच हा एक नंबरचा तुटक प्राणी. एकदा निळी आली की दुसऱ्या निळीला तो दारातूनच परत पाठवतो: तुझी ओळखीची आत आहे, तू कशाला? शेवटी आत उरले पाच रंग, एकेक. प्रोग्रॅमने उत्तर बरोबर दिलं होतं, फक्त ते भलत्याच प्रश्नाचं होतं.

तिला हवी होती ती पिशवी. पुस्तकात तिला बहुसंच म्हणतात, पण सरांनी पहिल्याच दिवशी पिशवी म्हटलं आणि वर्गाने तेच उचललं. पिशवीत एकसारख्या कितीही वस्तू टाका, ती कुणालाही परत पाठवत नाही. प्रत्येक रंगापुढे किती वेळा आला ते लिहून ठेवते. विचारलं की सांगते: निळ्या इतक्या, पांढऱ्या इतक्या.

भिंगरीने तीन चित्रांच्या तीन पिशव्या केल्या. देवमाशात एकट्या निळ्याच चारशे बारा निघाल्या. फुग्यात लाल आणि पिवळ्यांची चंगळ होती, झाडात अर्थातच हिरव्यांची. मग तिने तिन्ही पिशव्यांच्या मध्ये अधिकचं चिन्ह टाकलं आणि बोटं आपटून बेरीज मागितली.

"सतराशे अठ्ठावन्न," ती म्हणाली. या वेळी तिने दोनदा तपासलं होतं, त्यामुळे आवाजात जोर होता. आत्याला कमाल वाटेल, पाठीवर थाप पडेल, असं तिला वाटत होतं.

पण आत्या बाकावरच टेकली. तिच्या अंदाजाने हजार-बाराशेत भागणार होतं. मागे रचलेलं, नीट वाळलेलं लाकूड साडेबाराशे चकत्यांपुरतं होतं, त्याहून दहाही जास्त नाहीत. नवं लाकूड आणायचं तर ते ओलं असणार, आणि ओल्या लाकडाच्या चकत्या महिन्याभरात पापडासारख्या वाकड्या होणार. वाळायला थांबायचं तर शनिवार निघून जाणार. काकांनी हळूच सुचवलं, की झाड वगळून टाका. आत्याने मान हलवली. तीन म्हणून कबूल केलंय, दोन कशी देऊ? मग कुठल्या तोंडाने जाऊ?

ती एवढंच म्हणाली, "हे काम झालं की बाईंना फोन करते." आणि स्टुलाच्या चिकटवलेल्या पायांकडे वळली.

भिंगरीचं गणित बरोबर आलं होतं आणि त्या बरोबर गणितानेच आत्याची भिंत पाडली होती. चुकलेलं पाचच बरं होतं, निदान सगळे हसले तरी होते. छापील कागद चिकटवलेली भिंत तिच्या डोळ्यांसमोर आली. त्यावर बहुधा एखादा दात काढून हसणारा सूर्य असेल. तिला त्या सूर्याचा मनापासून राग आला.

"उभी राहू नकोस खांबासारखी," आत्या म्हणाली. "स्टूल वाळलंय. त्याचे क्लॅम्प काढ आणि इकडे दे, दाराच्या चौकटीला लागतात."

भिंगरीने क्लॅम्प सैल केले. एक दिला, दुसरा दिला. तिसरा देताना तिचा हात हवेतच थांबला.

आत्याकडे क्लॅम्प होते आठ. सकाळी ते कपाटाच्या एका खणाला लागले होते, दुपारी स्टुलाला, आणि आता चौकटीला. तीन कामं, आणि क्लॅम्प मात्र आठचे आठच. कारण खण वाळल्यावर त्याला क्लॅम्प नकोच होते. एका वेळी एकच काम.

भिंतीवरही एका वेळी एकच चित्र.

"आत्या, फोन करू नकोस," भिंगरी म्हणाली. आत्याने हात पुढे करून क्लॅम्प मागितला. भिंगरी तो देईना. ती क्लॅम्प हातात घट्ट धरूनच लॅपटॉपकडे पळाली, वाटेत काकांचा पांढऱ्या रंगाचा डबा लवंडता लवंडता राहिला.

सरांनी पिशव्या एकत्र करायच्या दोन तऱ्हा शिकवल्या होत्या. पहिली, सगळं एकात ओतायचं: अधिकचं चिन्ह. दुसरीत प्रत्येक वस्तू ज्या पिशवीत सगळ्यात जास्त असेल, तेवढीच घ्यायची. त्यासाठी अधिकच्या जागी एक उभी रेघ. चाचणीत ती दुसरी तऱ्हा भिंगरीने घोकून लिहिली होती आणि मनात म्हटलं होतं, हे कुणाच्या काय कामाचं? आता तिला ते सगळं लख्ख दिसत होतं. देवमासा उतरला की त्याच्या निळ्या मोकळ्या होतात. त्याच फुग्यामागच्या आकाशाला जातात, मग झाडावरच्या आकाशाला. निळ्या करायच्या त्या फक्त सगळ्यात निळ्या चित्रापुरत्या. बाकीच्यांचं त्यातच भागतं.

तिने दोन अधिक खोडले आणि दोन उभ्या रेघा घातल्या. बस्स, एवढंच. आख्ख्या प्रोग्रॅममध्ये दोन अक्षरं.

"बाराशे चोवीस," ती म्हणाली.

आत्याचा विश्वास बसेना. मघाशी पाच, मग सतराशे, आता बाराशे. हा प्रोग्रॅम आहे की मासळीबाजारातला भाव, असं तिने विचारलंच. मग भिंगरीने तिला बाकाशी ओढत नेलं. खिळ्यांच्या आणि स्क्रूंच्या डब्यांतून तिने थोडे खिळे घेतले, थोडे स्क्रू, थोडे नट. आधी खिळे जास्त लागतील असा मासा मांडला. मासा मोडून, तेच खिळे वापरून, स्क्रू जास्त लागतील असा फुगा मांडला. मग नटांचं झाड. प्रत्येक वेळी बाजूला काहीतरी उरलं, पण कमी कधीच पडलं नाही. आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली. नंतर तिने स्वतः ते सगळं विस्कटलं आणि आपल्या मनाचं एक चित्र मांडून पाहिलं. मग आणखी एक.

"तो क्लॅम्प," शेवटी आत्या म्हणाली.

भिंगरीने दिला.

"खोडकर आहेस, पण डोकं चालतं तुझं," आत्या म्हणाली आणि चौकटीचं काम तसंच टाकून लाकूड काढायला गेली. काकांनी ब्रश पुन्हा पाण्यातून बाहेर काढले.

पुढचे दिवस कसे गेले ते भिंगरीला धड आठवतही नाही. शाळा सुटली की ती दप्तरासकट तळमजल्यावर. आत्या कापायची आणि भोकं पाडायची, भिंगरी कडा घासायची, काका रंगवून दोऱ्यांवर वाळत घालायचे. सगळ्या खोलीभर रंगीत चकत्यांच्या माळा डुलत. रात्री जेवताना भिंगरीच्या केसांतून भुसा ताटलीत पडायचा आणि बाबा म्हणायचे, वरून मीठ भुरभुरवलंस की काय. भिंगरी सतत बोलत असायची. सरांना तिने क्लॅम्पची गोष्ट सांगितली तेव्हा ते खडू खाली ठेवून म्हणाले, उद्या हीच गोष्ट तू वर्गाला सांग. त्या रात्री ती जमिनीपासून वीतभर वरून चालत होती.

शेवटी थोडं लाकूड उरलं. आत्या म्हणाली, वरकड म्हणून दहा-वीस कापून ठेवू. भिंगरीने हे अगदी मनाला लावून घेतलं. मोजून काढलंय ना? मग वरकड कशाला? उलट पाच नमुने आधीच तयार आहेत म्हणून तिने प्रोग्रॅममधून तेही वजा केले होते. एकही जास्त नाही, एकही कमी नाही, यातच तर मजा होती. आत्या थकली होती, त्यामुळे तिने वाद घातला नाही. उरलेल्या लाकडाची मुलांसाठी एक उंच पायरी केली, वरच्या खुंट्यांना हात पुरावा म्हणून.

शनिवारी सकाळी नवं दालन पोरांनी गजबजलं होतं. बारा वाजता वरचे साहेब येणार होते, तोवर देवमासा भिंतीवर हवा होता. मुलं ओळीने येत, कागदावर बघत, चकती अडकवत. शेपूट झाली, पोट झालं. "अगं तो डोळा उलटा लावलाय," एक छोटी ओरडली, आणि गोल चकती उलटी कशी असेल यावर तिथेच भांडण जुंपलं. आत्या मागे भिंतीला टेकून उभी होती, नवा सदरा घालून, हात कुठे ठेवावेत ते न कळून. येणारा प्रत्येक जण थांबत होता. थांबत होता आणि बघत होता.

मग टोपलीतल्या निळ्या आणि पांढऱ्या संपल्या. आणि खुंट्या दोन उरल्या.

एक पाठीवर, निळीची. दुसरी पोटावर, पांढरीची. अगदी मधोमध, नजर पहिली तिथेच जावी अशी. मुलांनी टोपली उपडी केली. बाहेर पडल्या त्या फक्त लाल, पिवळ्या आणि हिरव्या, ढीगभर. सगळे जमिनीवर रांगू लागले. खुर्च्यांखाली पाहिलं, कपाटांखाली पाहिलं, एकाने दुसऱ्याचे खिसे पाहिले. ग्रंथपाल बाई अस्वस्थपणे चाव्यांचा जुडगा खुळखुळवत खोलीभर फिरत होत्या. सारख्या म्हणत होत्या, असू दे, कुणाच्या लक्षात येणार नाही. पण सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

आत्याने भिंगरीकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तरी चाललं असतं. पण ती पाहत होती ते असं, की आता काय करायचं तूच सांग.

भिंगरीचं डोकं भिंगरीसारखंच फिरत होतं. हरवली असती तर कुठलीही हरवली असती. लालही, हिरवीही. मग नेमकी एक निळी आणि एक पांढरीच का? कारण निळ्या आणि पांढऱ्या देवमाशातच सगळ्यात जास्त लागतात, त्यांच्यात एकही शिल्लक उरत नाही. म्हणजे कदाचित लालही एक कमीच होती, पिवळीही, हिरवीही. टोपलीत ढीग होता म्हणून ते आज दिसत नव्हतं, एवढंच. प्रत्येक रंगाची एक. पाच रंग, पाच चकत्या.

पाच.

"आत्या," ती म्हणाली, "नमुने कुठे आहेत?"

हळूहळू आत्याची मान ग्रंथपाल बाईंकडे वळली. रंग पसंत करायला आत्याने नमुने त्यांना दाखवले होते. आणि परत काही आणले नव्हते.

बाई म्हणाल्या, त्या का, त्या फार गोड होत्या म्हणून त्यांनी ठेवून घेतल्या, कुठे बरं ठेवल्या... आणि बोलता बोलता त्यांच्या हातातला जुडगा पुन्हा खुळखुळला. चाव्यांच्या मध्ये, जाड दोऱ्यात ओवलेल्या, एक निळी, एक पांढरी, एक लाल, एक पिवळी, एक हिरवी.

खोलीत असा काही हशा उसळला, की बाहेरचे लोक आत डोकावले. बाई लाजून लाल झाल्या. दोऱ्याची गाठ सुटेना, तेव्हा आत्याने खिशातली छोटी पटाशी काढून दोरा कापला. निळी एका छोट्या मुलाने लावली. पांढरीपाशी मुलं बाजूला झाली आणि भिंगरीला पुढे ढकललं. भिंगरीने ती आत्याच्या हातात दिली.

आत्या पुढे गेली. तिने पांढरी चकती खुंटीवर अडकवली, अंगठ्याने हलकेच मागे दाबली, जशी ती दार लावल्यावर नेहमी दाबते, आणि दोन पावलं मागे येऊन आपल्याच देवमाशाकडे बघत उभी राहिली. इतका वेळ, की साहेब कधी आत आले तेही तिला कळलं नाही. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? आणि वीस-पंचवीस बोटं एकदम आत्याकडे वळली.

घरी परतताना भिंगरीच्या तोंडाला कुलूप नव्हतंच. फुग्याच्या वेळी लाल आणि पिवळीची गंमत झाली असती, झाडाच्या वेळी हिरवीची, आणि प्रोग्रॅम पहिल्यांदा पाच म्हणाला होता ते किती भारी होतं, नाही का? आत्या ऐकत होती. कोपऱ्यावर वळताना ती म्हणाली, "तुझी ती पिशवी हुशार आहे. पण तिला एवढं सांग, की मोजलेली वस्तू घरात आहे का, ते आधी बघावं."

"आणि वरकड?" भिंगरीने विचारलं.

"दहा."

"वीस कर," भिंगरी म्हणाली. आणि आपण असं म्हणालो याचं तिला स्वतःलाच इतकं हसू आलं, की उरलेला रस्ता ती उड्या मारतच गेली.